धागा: रोज दुपारी सव्वातीनला मेन मशीन "सापडत नाही". नेटस्टॅटच्या यादीत नेमकं काय बघायचं?

अक्कलकोट रोड | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी हिशोब आणि डिस्पॅच बघतो. आमच्याकडे सहा कॉम्प्युटर आहेत. ऑफिसातल्या एकाला आम्ही मेन मशीन म्हणतो, स्टॉकचा सगळा डेटा त्याच्यावर आहे. लूमच्या शेडमधला एक, शिलाई-पॅकिंगचे दोन, गोडाउनचा एक आणि गेटवरचा एक, असे बाकीचे पाच त्याच्यातूनच डेटा घेतात.

गेले तीन आठवडे रोज दुपारी सव्वातीनच्या सुमाराला स्टॉकचा प्रोग्रॅम "सर्व्हर सापडला नाही" म्हणतो. मेन मशीन बंद करून चालू केलं की रात्री आठपर्यंत काही त्रास नाही. पण आमची ट्रान्सपोर्टची गाडी लागते तीसुद्धा त्याच वेळेला. काल गाडी दारात उभी होती म्हणून चलनं हातानं लिहिली, रात्री ती कॉम्प्युटरवर चढवताना दोन गठ्ठ्यांचा डिझाइन नंबर चुकला आणि इचलकरंजीच्या पार्टीला भलताच माल गेला. मालक एक शब्द बोलले नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

दुरुस्तीवाले म्हणतात मशीन जुनं झालं, नवीन घ्या. ५५ हजारांचं कोटेशन टेबलावर पडलंय. भाच्यानं फोनवर सांगितलं, काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) "नेटस्टॅट" टाइप करून बघ, मशीन कुणाकुणाशी जोडलंय त्याची यादी येते. केलं. एवढी मोठी यादी आली की काही कळेना. त्यात काय बघायचं, कुणी नीट सांगेल का?

भुईकोट | मंगळवार, रात्री १०:०२

दादा, यादीत "टाइम_वेट" असं लिहिलेल्या ओळी दिसतात का? माझ्या दुकानात तशा तीस-चाळीस दिसल्या होत्या, व्हायरस निघाला. फॉरमॅट मारून घ्या, वेळ घालवू नका.

पोर्ट ४४३ | मंगळवार, रात्री १०:३५

भुईकोट, तुमच्याकडे व्हायरस असेलही, पण टाइम_वेट हा त्याचा पुरावा नव्हे. त्यावर नंतर लिहितो. अक्कलकोट रोड दादा, फॉरमॅट करू नका आणि नवीन मशीनही घेऊ नका. आधी बघूया. मी पंधरा वर्षं होटगी रोड, चिंचोळी, अक्कलकोट रोड अशा कारखान्यांतली नेटवर्कं बघतोय. "मशीन जुनं झालं" हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय आणि बरेचदा ते न बघताच दिलेलं असतं.

तीन प्रश्न आहेत.
एक, सव्वातीनला पाचही जागा एकदम अडतात की एकेक करून?
दोन, त्या वेळी दुसऱ्या मशीनवरून मेन मशीनला पिंग केलं, म्हणजे "आहेस का?" अशी नेटवर्कवरून हाक मारली, तर उत्तर येतं का?
तीन, सकाळी मेन मशीन किती वाजता चालू होतं?

आता नेटस्टॅटबद्दल. नुसतं नेटस्टॅट चालवलंत म्हणून गोंधळ झाला. नुसतं चालवलं की ते फक्त जोडलेली कनेक्शनं दाखवतं, आणि प्रत्येक आकडी पत्त्याचं नाव शोधत बसतं. त्यामुळे यादी अडखळत येते आणि नावं बघून काहीच उलगडत नाही. असं चालवा:

नेटस्टॅट -एएनओ

(इथे मराठीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं. नेटस्टॅटनंतर एक जागा, मग आडवी रेघ आणि तीन अक्षरं चिकटून.) "ए" म्हणजे सगळं दाखव, म्हणजे नुसतं दार उघडून वाट बघत बसलेलंसुद्धा. "एन" म्हणजे नावं शोधू नको, आकडे दे. "ओ" म्हणजे प्रत्येक ओळीचा धनी कोण ते सांग, त्या प्रोग्रॅमचा नंबर शेवटच्या रकान्यात येतो. आपल्या कामाचं निम्मं त्या "ओ"मध्ये आहे.

उद्या साधारण तीनच्या सुमाराला चालवा आणि काही ओळी इथे टाका. बाहेरचे पत्ते मात्र खोडून टाका.

अक्कलकोट रोड | बुधवार, दुपारी ४:२०

गाडी गेली, आत्ता बसलो. उत्तरं देतो.

एकदम अडत नाही. आज आधी गेटवर अडलं, मग पॅकिंगला. गोडाउनमध्ये जी खिडकी आधीपासून उघडी होती ती चालत होती, दुसरी उघडायला गेलो तर तीच "सर्व्हर सापडला नाही". पिंगला उत्तर येतं, चारही वेळा. मेन मशीन मी स्वतः सकाळी ९:१० ला चालू करतो.

दुपारी ३:०५ ला यादी काढली. फार लांब आहे, वेगवेगळ्या दिसणाऱ्या ओळी देतो:

टीसीपी   ०.०.०.०:४४५   ०.०.०.०:०   लिसनिंग   ४
टीसीपी   ०.०.०.०:३३०६   ०.०.०.०:०   लिसनिंग   २९८८
टीसीपी   १२७.०.०.१:३३०६   १२७.०.०.१:५०२३१   एस्टॅब्लिश्ड   २९८८
टीसीपी   १२७.०.०.१:५०२३१   १२७.०.०.१:३३०६   एस्टॅब्लिश्ड   ७४१६
टीसीपी   १९२.१६८.१.१०:३३०६   १९२.१६८.१.२३:५१८८०   एस्टॅब्लिश्ड   २९८८
टीसीपी   १९२.१६८.१.१०:५०११७   बाहेरचा पत्ता:४४३   एस्टॅब्लिश्ड   ५१२४

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीसारख्या ओळी तर ढिगानं आहेत. पानंच्या पानं.

पोर्ट ४४३ | बुधवार, रात्री ८:१५

दादा, तुमच्या उत्तरांतच अर्धा रोग सापडला. पिंगला उत्तर येतंय म्हणजे वायर, स्विच, नेटवर्क कार्ड ठीक. उघडी खिडकी चालते आणि नवी उघडत नाही, म्हणजे सर्व्हर "सापडत नाही" असं नाहीच. सर्व्हर आहे, नव्या माणसाला आत घेत नाही एवढंच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सगळ्या अडचणींना एकच वाक्य दिलंय.

आता ओळी वाचू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की कायमचं उपयोगी पडतं.

सुरुवातीचं टीसीपी म्हणजे मशीन एकमेकांशी ज्या पद्धतीनं बोलतात तिचं नाव. पत्त्यानंतर दोन टिंबं आणि मग जो आकडा येतो तो पोर्ट. एका मशीनला पत्ता एक, पण पोर्ट ० ते ६५५३५. नवी पेठेत एखाद्या कॉम्प्लेक्सचा पत्ता एकच असतो आणि आत गाळा नंबरावरून दुकान सापडतं, तसं. ३३०६ हा गाळा मायएसक्यूएल या डेटाबेसचा, म्हणजे तुमचा स्टॉक तिथे बसलाय. ४४५ म्हणजे विंडोजचं फाइल शेअरिंग. त्यापुढचा धनी ४, म्हणजे खुद्द विंडोज.

लिसनिंग म्हणजे दार उघडं ठेवून बसलाय, अजून कुणी आलेलं नाही. डावीकडे ०.०.०.० असेल तर कुठल्याही वायरनं येणाऱ्याला दार उघडं. १२७.०.०.१ असेल तर फक्त त्याच मशीनमधल्या प्रोग्रॅमला, बाहेरच्याला नाही. एस्टॅब्लिश्ड म्हणजे दोघांचं बोलणं जोडलेलं आहे.

पाचवी ओळ साधी आहे. तुमचं २३ नंबरचं मशीन मेन मशीनच्या ३३०६ शी जोडलंय. रोजचं काम.

तिसरी आणि चौथी ओळ शेजारीशेजारी ठेवून वाचा. एकीत ३३०६ डावीकडे आणि ५०२३१ उजवीकडे, दुसरीत बरोबर उलट. हे एकच कनेक्शन आहे. दोन्ही टोकं त्याच मशीनमध्ये असल्यामुळे नेटस्टॅट ते दोनदा दाखवतं, एकदा या टोकाकडून आणि एकदा त्या टोकाकडून. एका टोकाचा धनी २९८८, म्हणजे मायएसक्यूएल. दुसऱ्या टोकाचा ७४१६. हा ७४१६ कोण? मेन मशीनमध्येच बसून डेटाबेसशी "ढिगानं" कनेक्शनं जोडणारा हा प्रोग्रॅम कुठला?

उद्या हे दोन करा. पहिलं, या नंबराच्या प्रोग्रॅमचं नाव विचारा:

टास्कलिस्ट /एफआय "पीआयडी ईक्यू ७४१६"

मशीन चालू-बंद केल्यावर नंबर बदलतो, तेव्हा उद्या आधी यादी काढून त्यातला नवा नंबर घाला. दुसरं, दर तासाला ३३०६ च्या ओळींची मोजणी:

नेटस्टॅट -एएनओ | फाइंड /सी ":३३०६ "

मधली उभी रेघ विसरू नका. आणि अवतरणचिन्ह बंद करायच्या आधी ३३०६ नंतर एक रिकामी जागा सोडा, ती महत्त्वाची. मायएसक्यूएलची ८ नंबरची आवृत्ती ३३०६० हे आणखी एक पोर्ट उघडून बसते. जागा सोडली नाहीत तर त्या ओळीही मोजल्या जातील.

नवी पेठ डीटीपी | बुधवार, रात्री ९:०५

मी पत्रिका-बॅनर करते, नेटवर्कमधलं कळत नाही, पण हा धागा सगळा वाचतेय. गाळ्याचं उदाहरण एकदम पटलं. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या मशीनचा नेटचा डेटा महिना संपायच्या आत संपतो. नेटस्टॅट सांगेल का कोण खातंय ते?

जुळे सोलापूर | बुधवार, रात्री ९:३०

ताई, नेटस्टॅट कोण कुणाशी बोलतंय ते सांगतं, किती बोललं ते नाही. "-ई" लावलं तर एकूण किती बाइट आले-गेले ते कळतं, पण प्रोग्रॅमवार नाही. त्यासाठी स्टार्टमध्ये "रेसमॉन" टाइप करा. रिसोर्स मॉनिटर उघडेल, त्यातल्या नेटवर्कच्या पानावर प्रत्येक प्रोग्रॅमपुढे सेकंदाला किती बाइट जातायत ते दिसतं. तुमच्याकडे फोटोंच्या फोल्डरची ढगात कॉपी करणारा एखादा प्रोग्रॅम चालू असण्याची शक्यता मला जास्त वाटते. बॅनरच्या फाइली मोठ्या असतात.

(मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये लिनक्स आहे आणि तिथे आता नेटस्टॅटऐवजी "एसएस" शिकवतात: एसएस -टीयूएलपीएन. कुणाकडे उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असेल तर नेटस्टॅट टाइप केल्यावर "सापडलं नाही" येईल, घाबरू नका. ते ज्या नेट-टूल्स पॅकेजात असतं ते आता आपोआप बसवलं जात नाही.)

पोर्ट ४४३ | बुधवार, रात्री ९:५०

बरोबर सांगितलंस. नेटस्टॅट फार जुनं आहे, बर्कलेच्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीमध्ये १९८३ साली आलं. मी शिकलो ते त्याच्यावर, म्हणून हात तिकडेच जातो. पण तुम्ही पोरं एसएसच शिका. हजारो कनेक्शनं असतील तिथे ते फार लवकर उत्तर देतं.

आता भुईकोटना दिलेला शब्द. टाइम_वेट म्हणजे बोलणं संपलेलं आहे, दोघांनी रीतसर निरोप घेतलाय, आणि ज्यानं आधी निरोप घेतला तो थोडा वेळ दारात थांबलाय. का थांबतो? शेवटचा निरोप वाटेत हरवला तर परत द्यावा लागेल म्हणून, आणि जुन्या बोलण्यातलं एखादं रेंगाळलेलं पाकीट (डेटाचा तुकडा) त्याच पोर्टावरच्या नव्या बोलण्यात घुसू नये म्हणून. टीसीपीचा १९८१ चा दस्तऐवज, आरएफसी ७९३, पाकिटाचं आयुष्य जास्तीत जास्त २ मिनिटं धरतो आणि त्याच्या दुप्पट थांबायला सांगतो. लिनक्स ६० सेकंदच थांबतं. विंडोजच्या यादीत या ओळींपुढे धनी ० दिसतो, कारण प्रोग्रॅम आपलं काम संपवून गेलेला असतो. ब्राउझर वापरला की अशा ओळी येणारच.

काळजी करायची ती क्लोज_वेटची. समोरच्यानं निरोप घेतला आणि आपल्या प्रोग्रॅमनं फोन ठेवलाच नाही, अशी ती अवस्था. ती आपोआप जात नाही. एकाच प्रोग्रॅमच्या नावावर तशा ओळी वाढत चालल्या तर त्या प्रोग्रॅमच्या लिहिण्यात चूक आहे असं समजा.

भुईकोट | बुधवार, रात्री १०:१०

म्हणजे मी उगाच फॉरमॅट मारला. तीन वर्षांची बिलं गेली त्यात. असो, आता कळलं. पुढचं लिहा दादा, वाचतोय.

अक्कलकोट रोड | गुरुवार, दुपारी ३:३५

मंडळी, सापडलं असं वाटतंय. आज सकाळपासून वहीत लिहून ठेवलं.

१०:१० ला मोजणी ६०.
१२:१० ला १५०.
२:१० ला २३१.
३:१० ला २७१.
३:१८ ला गेटवर अडलं.

टास्कलिस्टनं नाव दिलं. माल सुटला की पार्टीच्या मोबाइलवर मेसेज पाठवणारा छोटा प्रोग्रॅम आहे. तीन आठवड्यांपूर्वीच एका ओळखीच्या पोराकडून बसवून घेतला होता, स्टॉकच्या प्रोग्रॅमपासून वेगळा. त्रास सुरू झाला तेव्हापासूनचाच आहे हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय! मेसेज व्यवस्थित जातात म्हणून त्याच्यावर संशयच आला नाही.

पोर्ट ४४३ | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

वहीत लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आता तुमचेच आकडे मांडू.

३:१० चे २७१ घ्या. त्यात दोन ओळी नुसत्या लिसनिंगच्या असणार, एक ०.०.०.० ची आणि एक नव्या लांब पत्त्याची, जिथे चौकोनी कंसात दोन टिंबांची जोडी दिसते. राहिल्या २६९. यातल्या १९२.१६८ नं सुरू होणाऱ्या किती, म्हणजे बाकीच्या पाच मशीनच्या? आणि १२७ च्या किती?

अक्कलकोट रोड | गुरुवार, संध्याकाळी ७:०५

यादी फाइलमध्ये ठेवली होती, मोजून सांगतो. १९२ च्या २९. १२७ च्या २४०.

पोर्ट ४४३ | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

२४० ओळी, आणि प्रत्येक कनेक्शन दोनदा दिसतं. म्हणजे १२० कनेक्शनं. सकाळी ९:१० ते दुपारी ३:१० म्हणजे ३६० मिनिटं. ३६० भागिले १२०, दर तीन मिनिटाला एक. तो प्रोग्रॅम दर तीन मिनिटांनी "नवीन माल सुटला का" बघायला डेटाबेसचं दार वाजवतो, आत जातो, बघतो आणि बाहेर न पडता तिथेच बसून राहतो. तीन मिनिटांनी पुन्हा नवा माणूस पाठवतो.

१२० आणि तुमचे २९ (त्यांचं दुसरं टोक दुसऱ्या मशीनवर, म्हणून ते एकदाच दिसतात) मिळून १४९. मायएसक्यूएलमध्ये एका वेळी किती कनेक्शनं घ्यायची याची मर्यादा कुणी बदलली नसेल तर १५१ असते. ३:१० नंतर सहा मिनिटांत उरलेल्या दोन जागा भरल्या आणि ३:१८ ला गेटवरच्या माणसाला दार बंद. डेटाबेसनं त्याला स्वच्छ सांगितलं असणार, त्रुटी क्रमांक १०४०, फार कनेक्शनं झाली. स्टॉकच्या प्रोग्रॅमनं ते झाकून "सर्व्हर सापडला नाही" म्हटलं.

नुसत्या बसलेल्यांना डेटाबेस आपणहून बाहेर का काढत नाही, असं विचाराल. काढतो, पण गप्प बसलेल्या कनेक्शनला तो मुळात २८,८०० सेकंद मुभा देतो, म्हणजे आठ तास. तुमचा पहिला बसलेला माणूस ९:१३ चा धरला तर तो संध्याकाळी सव्वापाचला निघेल. त्याच्या दोन तास आधीच तुमची खोली भरते. आणि दुपारी मशीन चालू-बंद केल्यावर पुढचे पावणेपाच तास, म्हणजे आठपर्यंत, त्या प्रोग्रॅमची कनेक्शनं शंभराच्याही आत राहतात. म्हणून दिवसातून एकदाच अडतं.

उद्या एक करून बघा. तीन वाजता मोजा. मेन मशीन बंद करू नका, टास्क मॅनेजरमधून फक्त तो मेसेजचा प्रोग्रॅम बंद करा. परत मोजा. प्रोग्रॅम मेला की विंडोज त्याची सगळी दारं स्वतः लावतं.

जुळे सोलापूर | गुरुवार, रात्री ८:१५

दादा, डेटाबेसमध्ये शिरायचा पासवर्ड असेल तर "शो प्रोसेसलिस्ट" पण चालवून बघता येईल, आत कोण कोण बसलंय त्याची यादी डेटाबेसच देतो. १२० ओळींपुढे "स्लीप" आणि किती सेकंद झोपलाय ते येईल. दोन ओळींमध्ये १८० सेकंदांचा फरक दिसला तर हिशोब पक्का.

मी मर्यादा १५१ ची ५०० करा असं सुचवणार होतो, पण मग पोराची चूक तशीच राहील ना?

पोर्ट ४४३ | गुरुवार, रात्री ८:४०

राहीलच. मर्यादा वाढवली तर आज बरं वाटेल, आणि दिवाळीच्या गर्दीत मशीन रात्रंदिवस चालू राहिलं, तो प्रोग्रॅम दर मिनिटाला बघायला लावला, की पुन्हा तेच. प्रत्येक कनेक्शनला मेमरी लागते, ती फुकट अडकून पडते. मूळ दुरुस्ती त्या प्रोग्रॅममध्येच करायची. काम झालं की कनेक्शन बंद करायचं, किंवा एकच उघडं ठेवून तेच परत परत वापरायचं.

दादा, आणखी एक विचारायचं राहिलंय आणि ते मला जास्त टोचतंय. तुमच्या बुधवारच्या यादीतली शेवटची ओळ, बाहेरच्या पत्त्यावर ४४३, धनी ५१२४. तो कोण?

अक्कलकोट रोड | गुरुवार, रात्री ९:००

४४३ म्हणजे वेबसाइट ना? कुणीतरी ब्राउझर उघडला असेल.

पोर्ट ४४३ | गुरुवार, रात्री ९:१५

४४३ वर ब्राउझर बोलतो हे खरं. पण ४४३ वर बोलणारं सगळं ब्राउझरच असतं असं नाही. बहुतेक ठिकाणी हे पोर्ट बाहेर जायला मोकळं असतं, त्यामुळे ज्याला बिनबोभाट बाहेर जायचं तोही तेच वापरतो. पोर्टवरून माणूस ओळखू नका, धन्याच्या नंबरावरून ओळखा. सकाळी ब्राउझर उघडायच्या आधी यादी काढा आणि ४४३ च्या ओळींचा धनी टास्कलिस्टमध्ये बघा. काळी खिडकी "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"नं उघडलीत तर "-एएनओबी" लावून प्रोग्रॅमचं नावही तिथेच मिळेल, जरा वेळ लागतो एवढंच.

अक्कलकोट रोड | शुक्रवार, दुपारी १:५०

आधी शेवटच्या ओळीचं सांगतो, कारण हात थरथरतोय.

सकाळी ९:१२ ला, कुणी काही उघडायच्या आधी, यादी काढली. तीच ओळ होती. टास्कलिस्टनं जे नाव दिलं ते लांबून मशीन चालवायच्या प्रोग्रॅमचं. आम्ही कुणी बसवलेला नाही. मशीन चालू झालं की आपोआप सुरू होतो आणि पासवर्डही ठरवून ठेवलेला, म्हणजे इथून कुणी "हो" म्हणायची गरज नाही. मालकांसमोर दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, आम्हीच दोन वर्षांपूर्वी ठेवला होता, सर्व्हिसला सोपं जावं म्हणून. न सांगता? म्हणाले, सगळ्यांकडेच ठेवतो.

या मशीनवर पार्टीचे रेट आहेत, कामगारांचे बँक खाते नंबर आहेत, मालकांच्या घरचे कागद आहेत. त्यांनी काही केलं असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षं कुणीही, कधीही आत येऊ शकत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

नवी पेठ डीटीपी | शुक्रवार, दुपारी २:२०

वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडेही लोकांच्या आधार कार्डांच्या कॉप्या येतात छापायला. आज रात्री दुकान बंद करायच्या आधी मी पण यादी काढणार.

पोर्ट ४४३ | शुक्रवार, दुपारी २:४५

दादा, आता क्रमानं. तो प्रोग्रॅम कंट्रोल पॅनलमधून पूर्ण काढा, नुसता बंद करू नका. मशीन परत चालू करून ९:१२ सारखीच यादी पुन्हा काढा, ओळ गेली का बघा. विंडोजचे आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण हे दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. यूजर अकाउंटच्या यादीत अनोळखी नाव आहे का बघा. राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ३३८९ किंवा ४४५ लिहिलं असेल तर खोडा. ३३८९ म्हणजे विंडोजचं लांबून मशीन चालवायचं दार. ते मशीनवर उघडं आहे की नाही हे नेटस्टॅट सांगेल, पण राउटरनं ते बाहेरच्या जगाला जोडून दिलंय का, हे मशीनमध्ये बसून दिसत नाही. ते राउटरवरच बघावं लागतं.

४४५ ला हलकं घेऊ नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच दारातून. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. फाइल शेअरिंग कारखान्याच्या आत ठेवा, विंडोज अपडेट चालू ठेवा.

सर्व्हिसवाल्यांना लांबून यायचं असेल तर फोन करून यावं, तुम्ही इथून "हो" म्हणाल तेव्हाच उघडावं, काम झालं की बंद. तसं लिहून घ्या त्यांच्याकडून. भांडायची गरज नाही, पण मशीन तुमचं आहे.

अक्कलकोट रोड | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

केलं. ओळ गेली. राउटरवर काही लिहिलेलं नव्हतं.

आणि मेसेजचा प्रोग्रॅम: तीन वाजता मोजणी २६५. टास्क मॅनेजरमधून तो एकच बंद केला, परत मोजलं तर ३१! गेटवरच्या पोराला फोन करून म्हटलं उघड नवी खिडकी. उघडली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाडी वेळेत भरून गेली. मालकांना वही दाखवली, त्यांनी कोटेशन स्वतः फाडलं.

ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्या पोराला बोलावलं होतं. त्याला रागावलो नाही. यादी दाखवली, ५०२३१ च्या दोन ओळी शेजारीशेजारी दाखवल्या. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, उघडलं ते बंद करायची ओळच लिहिली नाही मी." उद्या बदलून देतो म्हणालाय.

भुईकोट | शुक्रवार, रात्री ८:००

अण्णा, अभिनंदन. उद्याची मोजणी नक्की टाका.

अक्कलकोट रोड | शनिवार, दुपारी ३:२५

३:१० ची मोजणी ३२. दोन लिसनिंग, २९ बाकीच्या मशीनच्या, आणि एक ओळ १२७ ची. तिच्यापुढे लिहिलंय टाइम_वेट, धनी ०.

भुईकोट, ही बघा तुमची टाइम_वेट. तो आत गेला, बघून आला, दार लावून निघाला, त्याची खूण. दोन मिनिटांनी परत यादी काढली तर तीही नव्हती.

जुळे सोलापूर | शनिवार, दुपारी ३:५०

अण्णा, ती वहीची पानं फोटो काढून टाकाल का? आकडे आणि वेळ तेवढे दिसू देत, बाकी झाका. सोमवारी लॅबमध्ये मॅडमना दाखवायची आहेत.

अक्कलकोट रोड | शनिवार, दुपारी ४:०५

गाडी लागलीय. रात्री घरी गेल्यावर टाकतो.